देवास नाका म्हणजे देवास नाही : एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं

मी इंदूरला राहते. सॉफ्टवेअरचं काम करते आणि सध्या माझा बहुतेक वेळ नमकीनच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या प्रणालीवर जातो. कारखाना सांवेर रोडवर, पेढी सियागंजात. शहरातले आणि आसपासच्या गावांतले किराणा दुकानदार मोबाइलवर संदेश पाठवतात : "भिया, दो पेटी रतलामी और एक पेटी डबल लौंग देवास नाके भिजवा दो." तो संदेश एआय एजंट, म्हणजे भाषेच्या मॉडेलवर चालणारा मदतनीस प्रोग्राम, वाचतो, साठा पाहतो, भाव सांगतो, ऑर्डर नोंदवतो. हे सगळं तो करू शकतो, कारण आम्ही त्याला काही टूल्स, म्हणजे त्याला वापरता येतील अशी छोटी फंक्शनं, दिली आहेत. तो ते नीट करतो की गोंधळ घालतो, हे बहुतांशी त्या टूल्सची वर्णनं कशी लिहिली आहेत यावर ठरतं. चांगली टीम, चांगलं मॉडेल, चांगला कोड असूनही केवळ अपुऱ्या वर्णनामुळे काम बिघडताना मी पाहिलं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एजंटला नेमकं काय दिसतं ते समजून घ्या. मॉडेल स्वतः काहीच चालवत नाही. "हे टूल, ही माहिती देऊन चालवा" एवढंच ते लिहून देतं. चालवतो आपला प्रोग्राम, आणि आलेलं उत्तर पुन्हा मॉडेलसमोर ठेवतो. ओपनएआयने जून 2023 मध्ये ही सोय फंक्शन कॉलिंग या नावाने दिली. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, हा मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्याचा नियमसंच सर्वांसाठी खुला केला. पद्धती थोड्या वेगळ्या असल्या तरी टूलची ओळख सगळीकडे मुख्यतः तीन गोष्टींनी होते : नाव, वर्णन, आणि कोणती माहिती कोणत्या साच्यात द्यायची ते सांगणारा जेसन स्कीमा. फंक्शनच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. बैठकीत काय ठरलं, मुनीमजींनी फोनवर काय समजावलं, यातलं त्याला काही माहीत नसतं. पायथनच्या काही लायब्रऱ्या फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेली टीप, म्हणजे डॉकस्ट्रिंगच, वर्णन म्हणून उचलतात. तुम्ही तशी लायब्ररी वापरत असाल, तर सहकारी प्रोग्रामरसाठी घाईत लिहिलेली ती एक ओळ थेट एजंटच्या हातात जाते आहे, हे लक्षात ठेवा.

लिहिताना मी एक माणूस डोळ्यांसमोर ठेवते : आज सकाळीच नाशिकहून येऊन पेढीवर बसलेला नवा मुनीम. हुशार आहे, भरपूर वाचलेलं आहे, हिशोब पक्का आहे. पण सियागंज त्याला माहीत नाही आणि काम करता करता उठून मला विचारायला येणं त्याला शक्य नाही. त्याला जे जे सांगावं लागेल, ते वर्णनात यायला हवं. जे त्याला आपसूक समजेल, ते लिहून जागा अडवायची नाही.

एक वर्णन, आधीचं आणि नंतरचं

साठा पाहण्याचं टूल घेऊ. नाव चेक_स्टॉक. (कोडमध्ये ही नावं रोमन लिपीत असतात, बहुतेक ठिकाणी दुसरं काही चालतही नाही. इथे मी ती देवनागरीत लिहिते.) बहुतेक प्रकल्पांत याचं वर्णन असं सापडेल :

"मालाचा साठा तपासते."

यात चूक काहीच नाही, पण नावातून जे कळलं होतं तेच पुन्हा सांगितलं आहे. आता हे वाचा :

"एका मालाचा आत्ता विकता येण्याजोगा साठा सांगते. ग्राहकाने माल आहे का किंवा किती मिळेल असं विचारलं, किंवा ऑर्डर नोंदवण्याआधी खात्री करायची असेल, तेव्हा वापरा. भाव विचारला असेल तर हे वापरू नका, त्यासाठी गेट_रेट आहे. पुढे कधी माल येणार, हे या टूलला कळत नाही. पाकीटबंद मालाचा आकडा पेटीत आणि सुट्या मालाचा किलोत येतो, एकक उत्तरात लिहिलेलं असतं. इतर ऑर्डरींसाठी राखून ठेवलेला माल या आकड्यातून आधीच वजा केलेला आहे, पुन्हा वजा करू नका."

शेवटचं वाक्य पाहा. ते नसेल तर एजंट प्रलंबित ऑर्डरींची यादी मागवतो, तो आकडा साठ्यातून पुन्हा घटवतो आणि माल गोदामात असताना दुकानदाराला "नाही" सांगतो. त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. सावध माणूसही तेच करेल. आकड्यात काय धरलं आहे आणि काय सोडलं आहे, हे ज्याने क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागणारा कोड, लिहिली त्यालाच माहीत असतं. म्हणून वर्णन लिहायला बसण्याआधी ती क्वेरी उघडून वाचा. वर्णनाचा उत्तम भाग मला नेहमी तिच्या अटींमध्येच सापडतो.

लांबीबद्दल लोक घाबरतात. अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनात प्रत्येक टूलसाठी निदान तीन-चार वाक्यं लिहा आणि टूल गुंतागुंतीचं असेल तर अधिक, असं सांगितलं आहे. माझा अनुभवही तोच. मात्र सगळ्या टूल्सची वर्णनं मॉडेलला कामाच्या वेळी वाचावी लागतात, त्यांची जागा आणि खर्च मोजला जातो. त्यामुळे "हे एक अतिशय उपयुक्त टूल आहे" यासारखं वाक्य दिसलं की ते काढा. पहिल्या वाक्यात टूल काय करतं, दुसऱ्यात कधी वापरायचं, आणि लगेच कधी वापरायचं नाही. ही नकाराची बाजू लोक सर्वात आधी गाळतात आणि मला ती सर्वात मोलाची वाटते. एजंटसमोर एक टूल क्वचितच असतं. दहा-पंधरा शेजारी शेजारी असतात आणि निवड करताना तो त्यांच्यातल्या सीमा शोधत असतो. गेट_रेट आजचा भाव देतं, मेक_कोटेशन ठरावीक मुदतीसाठी लेखी भाव देतं, हे दोन्ही वर्णनांत एकमेकांचं नाव घेऊन लिहा. आणि दोन टूल्समधला फरक तुम्हाला दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर ती दोन टूल्स नसावीत. एकत्र करा.

माहितीच्या प्रत्येक रकान्याला स्वतःचं वर्णन

वर्णन चांगलं लिहून लोक थांबतात आणि स्कीमातले रकाने उघडे ठेवतात. खरा घोळ तिथे होतो. क्वांटिटी नावाचा रकाना आहे, त्यात 5 आलं. पाच काय? आमच्याकडे पाच रुपयांच्या पाकिटांची लडी असते, लड्यांची पेटी असते, आणि सुटी सेव किलोवर जाते. दुकानदार "पाँच रतलामी" एवढंच लिहितो. म्हणून रकान्याच्या नावातच एकक घाला : क्वांटिटी_पेटी. वर्णनात लिहा : "पूर्ण पेट्यांची संख्या, किमान 1. अर्धी पेटी विकली जात नाही. ग्राहकाने लडी किंवा पाकीट म्हटलं असेल तर स्वतः रूपांतर करू नका, पेटीत किती हवं ते विचारा. ग्राहकाने एकक सांगितलंच नसेल तरीही विचारा." अडीच पेटी मागणारा दुकानदार भेटणारच आहे. त्याच्या अडीचचे तीन करायचे की दोन, हे एजंटने मनानं ठरवू नये, म्हणून स्कीमात पूर्णांकाची अट आणि वर्णनात प्रश्न विचारण्याची सूचना, दोन्ही हवं.

ज्या रकान्यात मोजकेच पर्याय शक्य आहेत, तिथे मोकळा मजकूर ठेवू नका. इनम, म्हणजे स्कीमातली ठरलेल्या पर्यायांची यादी, द्या. मालाचा प्रकार, पैसे देण्याची पद्धत, गाडीचा मार्ग, हे सगळं यादीत बसतं. पण यादी दिली की काम झालं असं नाही, कारण दुकानदाराचे शब्द आणि यादीतले शब्द जुळवायचं काम एजंटलाच करायचं असतं.

इथे देवास नाका येतो. इंदूरच्या माणसाला सांगायला नको की देवास नाका हा शहरातलाच भाग आहे आणि देवास हे 35-40 किलोमीटरवरचं वेगळं शहर. तसंच सांवेर रोड हा इंदूरचा औद्योगिक पट्टा, आणि सांवेर हे उज्जैनच्या वाटेवरचं गाव. उलट महू आणि डॉ. आंबेडकर नगर ही दोन नावं एकाच गावाची. 2003 मध्ये नाव बदललं, तरी बोलण्यात महूच आहे. मॉडेलला यातलं बरंच काही सर्वसाधारणपणे माहीत असेलही, पण आपल्या गाडीच्या मार्गाचा निर्णय त्या अंदाजावर सोडायचा नाही. मार्गाच्या रकान्याचं वर्णन मी असं लिहिते : "माल पोचवायचा मार्ग. देवास नाका, सांवेर रोड, पालदा हे इंदूर शहराच्या मार्गात येतात. देवास आणि सांवेर ही बाहेरगावं आहेत, त्यांचे मार्ग वेगळे. महू आणि डॉ. आंबेडकर नगर एकच. पत्त्यात फक्त देवास लिहिलं असेल आणि ग्राहकाच्या नोंदीतला पत्ता शहरातला असेल, तर विचारून घ्या." तुमच्या शहरात तुमचा देवास नाका असेलच. तो शोधायचा असेल तर गाडीवर माल चढवणाऱ्या माणसाशी बोला. नावांच्या कोणत्या जोड्यांमुळे माल चुकीच्या जागी जातो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

तारखेचा रकाना ही दुसरी कायमची दुखरी जागा. 05/06 म्हणजे पाच जून की सहा मे, हा वाद संपवायला आयएसओ पद्धत आहे : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, जसं 2026-03-08. वर्णनात साचा लिहा आणि एक उदाहरणही द्या. वेळ असेल तर ती भारतीय प्रमाणवेळ आहे हे स्पष्ट लिहा, कारण सर्व्हर बऱ्याचदा साडेपाच तास मागे असतो. आजची तारीख मॉडेलला आपोआप माहीत नसते, ती सूचनांमध्ये द्यावी लागते. नाहीतर "परवा" या शब्दाचं तो काय करेल सांगता येत नाही. आणि होळीनंतर इथे प्रत्येक दुसरा दुकानदार "गेर के पहले" म्हणतो. गेर म्हणजे रंगपंचमीची रंगांची मिरवणूक, रंगपंचमी तिथीवर, तिथीची तारीख दरवर्षी वेगळी. त्यामुळे वर्णनात एक ओळ : "ग्राहकाने सणाचं नाव सांगितलं असेल तर तारीख स्वतः मोजू नका, फेस्टिव्हल_डेट टूलने काढा आणि ग्राहकाला ती सांगून हो म्हणवून घ्या."

ग्राहक क्रमांक, ऑर्डर क्रमांक अशा रकान्यांत मूल्य कुठून आणायचं तेही लिहा. "सर्च_कस्टमरच्या उत्तरातला आयडी. मोबाइल नंबर किंवा दुकानाचं नाव इथे देऊ नका." हे नसेल तर एजंट हाताशी असलेली सर्वात जवळची गोष्ट भरतो, आणि ती बऱ्याचदा मोबाइल नंबर असते. ऐच्छिक रकाना रिकामा सोडला तर काय गृहीत धरलं जाईल, हेही प्रत्येक ठिकाणी लिहा.

रिकाम्या उत्तराचे तीन अर्थ

टूल काय घेतं यावर सगळे लिहितात, काय परत देतं यावर फार थोडे. माझ्या मते वर्णनातला हा सर्वात उपेक्षित भाग आहे.

चेक_स्टॉकने काहीच परत दिलं नाही. याचा अर्थ माल संपला आहे, की त्या नावाचा माल आमच्याकडे नसतोच, की गोदामाची प्रणाली बंद आहे? दुकानदारासाठी ही तीन अगदी वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यात तो चार दिवस थांबेल, दुसऱ्यात नाव सुधारेल, तिसऱ्यात तासाभराने पुन्हा विचारेल. एजंटला रिकामी यादी दिसली की तो बहुधा "माल नाही" म्हणतो, आणि दुकानदार शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या पेढीवर जातो. म्हणून आधी टूलच सुधारायला लावा : शून्य साठा हे एक उत्तर, माल सापडला नाही हे दुसरं, प्रणाली बंद हे तिसरं. मग वर्णनात तिन्ही लिहा आणि प्रत्येकात ग्राहकाला काय सांगायचं तेही. यादी लांब असल्यावर टूल पहिल्या वीसच नोंदी देत असेल, तर ते लिहा आणि पुढच्या कशा मागायच्या तेही लिहा. एरवी एजंट वीसलाच पूर्ण यादी समजतो.

काही चुकल्यावर टूल जे संदेश देतं, तेही वर्णनाचाच भाग आहेत, फक्त ते उशिरा वाचले जातात. "अवैध विनंती" वाचून एजंट तीच विनंती पुन्हा पाठवतो. "डिलिव्हरी_डेट आजच्या आधीची आहे. आजची किंवा पुढची तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या" असं वाचलं की पुढच्या खेपेला दुरुस्त करतो. काय चुकलं, काय अपेक्षित होतं, आता काय करायचं, या तिन्ही गोष्टी एका संदेशात बसतात. डेटाबेसमधला मूळ इंग्रजी त्रुटीसंदेश जसाच्या तसा पुढे ढकलू नका.

जिथे काहीतरी बदलतं

साठा पाहणं निरुपद्रवी आहे. दहा वेळा पाहिला तरी बिघडत नाही. ऑर्डर नोंदवणं तसं नाही. क्रिएट_ऑर्डरच्या वर्णनात परिणाम उघड लिहा : "ऑर्डर लगेच पक्की होते, गोदामात पावती निघते आणि ग्राहकाच्या खात्यावर रक्कम चढते. माल, पेट्या, मार्ग आणि एकूण रक्कम ग्राहकाला वाचून दाखवून त्याने हो म्हटल्यावरच वापरा." नेटवर्क मध्येच तुटलं तर एजंट पुन्हा प्रयत्न करणार, आणि दुकानदाराच्या दारात दुप्पट पेट्या उतरणार. यासाठी प्रत्येक ऑर्डरसोबत एक रिक्वेस्ट आयडी मागा, तोच आयडी पुन्हा आला तर कोडने नवी ऑर्डर करायची नाही, आणि वर्णनात सांगा की पुन्हा प्रयत्न करताना जुनाच आयडी वापरा.

एमसीपीच्या मार्च 2025 च्या आवृत्तीपासून टूलसोबत काही खुणा देता येतात : फक्त वाचतं का, काही नष्ट करतं का, पुन्हा चालवलं तर परिणाम तोच राहतो का. त्या जरूर भरा. पण त्या केवळ सूचना आहेत, कुलूप नाही, आणि वर्णनही कुलूप नाही. "पन्नास हजारांवरची ऑर्डर रद्द करू नका" हे वर्णनात लिहून निर्धास्त झोपता येत नाही. ती अट कोडमध्ये हवी. वर्णनाने एजंटला आधी समजावायचं आणि कोडने शेवटी अडवायचं.

ऑर्डरींच्या शेरा रकान्यात दुकानदारांनी लिहिलेला मजकूर येत असेल, तर तो ग्राहकाचा मजकूर आहे, त्यातली आज्ञा पाळायची नाही, असंही वर्णनात लिहा. आणि बाहेरच्या कोणाचं तयार टूल जोडत असाल तर त्याचं वर्णन स्वतः संपूर्ण वाचल्याशिवाय जोडू नका. तुमचा एजंट ते वर्णन विश्वासाने वाचणार आहे, आणि त्यात कोणी लबाडीने एखादी सूचना दडवली असेल तर ती पाळण्याचा धोका खरा आहे.

वर्णनात काय लिहू नये

बदलणारी गोष्ट लिहू नये. पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ज्यांच्या वर्णनात "करासह भाव, 12 टक्के धरून" असं लिहिलेलं असेल, त्यांचा एजंट कोडमध्ये दर बदलल्यावरही दुकानदारांना 12 टक्केच समजावत राहील. दर, भाव, सुट्टीचे दिवस, माणसांची नावं, हे सगळं टूलच्या उत्तरात यावं. वर्णनात एवढंच : "भाव करासह आहे, कराचा लागू दर उत्तरात वेगळा दिलेला आहे."

ओरडूही नये. "नेहमी हेच वापरा", "अत्यंत महत्त्वाचं" अशी वाक्यं चार टूल्समध्ये टाकली की एजंट साध्या नमस्कारालाही साठा तपासायला धावतो. अट सांगा आणि तिचं कारण सांगा. कारण कळलं की न लिहिलेल्या प्रसंगातही मॉडेल बरोबर वागण्याची शक्यता वाढते.

भाषेबद्दल मला विचारतात : वर्णन मराठीत की इंग्रजीत? देवनागरीला बऱ्याच मॉडेलांत जास्त टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते तुकडे, लागतात, शिवाय आमची टीम अनेक भाषांची आहे, म्हणून आम्ही मुख्य मजकूर इंग्रजीत ठेवतो. पण पेटी, लडी, डबल लौंग, गेर हे शब्द दुकानदार जसे लिहितात तसे, देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही घालतो. तुमची टीम मराठीतच नेमकं लिहू शकत असेल तर मराठीत लिहा. मोघम इंग्रजीपेक्षा नेमकी मराठी केव्हाही बरी.

तपासणी

लिहून झाल्यावर वर्णन पेढीवरच्या माणसाला वाचून दाखवा. "अहो, पण उधारीवाल्याचं काय?" असा एखादा प्रश्न येतोच, आणि तो प्रश्न म्हणजे वर्णनात राहिलेलं वाक्य असतं.

मग खरे संदेश गोळा करा, दुकानदारांची नावं आणि नंबर काढून. नीट लिहिलेले, अर्धवट लिहिलेले, आवाजी संदेशातून उतरवलेले, सगळ्या तऱ्हेचे घ्या. प्रत्येकासमोर अपेक्षित टूल आणि अपेक्षित मूल्यं लिहून ठेवा. ज्यांत कोणतंच टूल वापरायला नको असे संदेशही घ्या : नुसतं "जय श्रीकृष्ण", किंवा कालच्या मालाची तारीफ. एजंटला ते सगळे चालवायला द्या आणि शेवटचं उत्तर वाचून समाधान मानू नका. त्याने कोणतं टूल निवडलं, रकान्यात काय भरलं, कुठे विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, ही पूर्ण नोंद वाचा. तीच चूक पुन्हा दिसली तर वर्णनात एक वाक्य बदला आणि सगळे संदेश परत चालवा. एका वेळी एकच वाक्य, कारण दोन बदलली तर कोणत्याने काम केलं ते कळत नाही. आणि सगळे संदेश, कारण गेट_रेटचं वर्णन सुधारलं की चेक_स्टॉकची निवडही हलते. मॉडेलची आवृत्ती बदलली तरी हीच तपासणी पुन्हा करा.

वर्णनं कोडसोबत गिटमध्येच, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतच, ठेवा. क्वेरीत अट बदलणाऱ्याने त्याच कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या त्याच नोंदीत, वर्णनही बदललं आहे का, हे तपासणाऱ्याने पाहायचं, आणि नसेल तर तो बदल परत पाठवायचा.